फोन आहे, आडोसा नाही

चाकणच्या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या कामगाराचा फोन गेटजवळच्या कप्प्यात राहतो. लाइनवर फोन चालत नाही. त्याला कारण अपघाताचं असतं, गुप्ततेचं असतं आणि टार्गेटचंही असतं. सुटल्यावर फोन हातात येतो तेव्हा कंपनीची बस सुरू झालेली असते आणि शेजारच्या सीटवर त्याच लाइनवरचा माणूस असतो. उतरून नाणेकरवाडी, खराबवाडी, कुरुळी किंवा महाळुंग्यातल्या खोलीवर यावं, तर दहा बाय दहामध्ये चौघं. एक झोपलेला, एक रील बघतोय, एक नाइटसाठी बूट चढवतोय. भिंत इतकी पातळ, की पलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात.

अशा माणसाला सरकार सांगतं, मन जड झालं तर 14416 लावा. नंबर चांगला आहे, फुकट आहे, रात्री दोनलाही लागतो. त्याने तो लावायचा कुठे बसून?

टेलिमानस नावाच्या या सेवेची घोषणा 2022 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आणि त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ती सुरू झाली. बंगळुरूची निमहान्स ही तिची मुख्य संस्था. मराठीसह वीस भाषांत समुपदेशक बोलतात. गरज पडली तर ते मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतात. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये ॲपही आलं. 2025 उजाडेपर्यंत देशभरातून लाखोंनी फोन येऊन गेले होते. सरकारी योजनांना नावं ठेवण्याची आपल्याकडे फार घाई असते. ही योजना त्या घाईला पात्र नाही. गाडी अडते ती टोकाला, जिथे फोन करणारा माणूस बसतो तिथे.

ऑनलाइन समुपदेशनाची या पट्ट्याला गरज आहे का, यावर वाद घालण्यातही अर्थ नाही. निमहान्सने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत दिसलं, की नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमीच्या आजारांत दहापैकी आठांहून अधिक लोक उपचारापर्यंत पोहोचतच नाहीत. त्या पाहणीत बारा राज्यं होती आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. देशातलं एवढं मोठं औद्योगिक राज्य आपल्या कामगारांच्या मनाविषयी बोलतं ते अजून दुसऱ्यांच्या आकड्यांवरून. स्वतःचा म्हणून जो आकडा आहे तो राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आणि तो वाईट आहे. 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली, त्यांपैकी 22,746 महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. त्या वर्षी देशभरात जीव दिलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा होता.

आणि प्रत्यक्ष डॉक्टरकडे जायचं म्हटलं तर? पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात, म्हणजे सगळ्यांच्या ‘वायसीएम’मध्ये, मानसोपचार विभाग आहे. चाकणहून तिथे जायला अंतर वीसेक किलोमीटर, पण वेळ सांगायचा तळेगाव चौकातल्या कोंडीने. ओपीडी सकाळची, म्हणजे पहिल्या पाळीवाल्याची एक हजेरी गेली. कंत्राटी माणसाला गेलेल्या हजेरीचा अर्थ नीट कळतो. पुढच्या महिन्यात ठेकेदार कोणाला ‘थांब’ म्हणणार, ते त्या हजेऱ्यांवरच ठरतं. फोनवरचं समुपदेशन या माणसासाठी चैन नव्हे. त्याच्या वेळापत्रकात बसू शकणारी तेवढी एकच गोष्ट आहे.

ती कामाची आहे का, या शंकेलाही उत्तर आहे. स्वीडनमध्ये इंटरनेटवरून, मार्गदर्शकाच्या सोबतीने दिलेल्या विचार-वर्तन उपचारांवर दोन दशकांहून अधिक काळ अभ्यास झाले आहेत. चिंता आणि सौम्य ते मध्यम नैराश्यात त्यांचा गुण समोरासमोरच्या उपचारांच्या तोडीचा दिसतो. आपल्या शेजारचं उदाहरण जास्त बोलकं आहे. गोव्यात 1996 मध्ये सुरू झालेल्या ‘संगाथ’ने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवलं. त्या प्रयोगाचं नावही योगायोगाने ‘मानस’च होतं. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांत सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना याचा स्पष्ट फायदा दिसला. पुढे याच संस्थेने तीव्र नैराश्यासाठी सहा ते आठ भेटींची पद्धत बसवली आणि दारूच्या अतिरेकात सापडलेल्या पुरुषांसाठी वेगळी. दोन्हींचे निकाल 2017 मध्ये छापून आले. ऐकून घेण्याचं कौशल्य शिकवता येतं आणि शिकणारा वेल्डरही असू शकतो, हे पिंपरी-चिंचवडने गोव्याकडून उचलण्यासारखं आहे.

वेल्डरचं नाव इथे उगाच आलेलं नाही. या पट्ट्यात ‘ताण’ हा शब्द पोस्टरवर असतो, बोलण्यात नसतो. लाइनवरचा मुलगा म्हणतो, डोकं जाम झालंय. सुपरवायझर म्हणतो, टेन्शन आहे. परभणी-नांदेडकडून आलेली बाई म्हणते, जीव लागंना. आणि पहिल्यांदा घर सोडून आलेला आयटीआयचा पोरगा म्हणतो, करमत नाही. ‘करमत नाही’ हे दोन शब्द ऐकून ज्याला आतलं काही ऐकू येत नाही, त्याच्या हातातली प्रश्नावली कितीही शास्त्रीय असली तरी उपयोगाची नाही. ‘गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस निराश वाटलं’ असं विचारलं, तर हा पोरगा ‘नाही’ म्हणेल. निराश वगैरे व्हायला तो काय सिनेमातला हिरो आहे? त्याला झोप येत नाही, जेवण जात नाही आणि रविवारी फार वाईट वाटतं, एवढंच.

ठाण्याच्या आयपीएच संस्थेने 1990 पासून हे ओळखलं. डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनाच्या आजारांविषयी घरगुती, खेळकर मराठी घडवली आणि तिचे व्हिडिओ आज यूट्यूबवर ढिगाने आहेत. मराठीत मनाविषयी बोलता येतं, हे त्यांनी सिद्ध करून ठेवलं आहे. पण ती मराठी मुख्यतः ज्याच्या घरात दिवाळी अंक येतो त्याच्यापर्यंत गेली. चाकणच्या खोलीत अजून जायची आहे, आणि तिथे ती हिंदी, भोजपुरी आणि ओडियाच्या शेजारी बसणार आहे.

आता कायद्याकडे. 1948 च्या कारखाने कायद्याने 250 पेक्षा जास्त कामगार असले तर कॅन्टीन सक्तीचं केलं आणि 500 कामगार असले तर कल्याण अधिकारी. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत हे आकडे 100 आणि 250 वर आले. स्वागतच आहे. कामगाराला भूक लागते हे राज्याला पंचाहत्तर वर्षांपासून माहीत आहे. त्याचं डोकं जाम होतं, याची मात्र कुठल्याच कलमात दखल नाही.

बोट तुटलं तर कायदा इंचाइंचाने मोजतो. नुकसानभरपाईच्या परिशिष्टात तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता 14 टक्क्यांनी घटली असं धरतात. तेच एक पेर गेलं तर 9 टक्के, मधलं बोट पूर्ण गेलं तर 12 टक्के. या पट्ट्यात हा तक्ता पुस्तकी नाही. वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या छोट्या युनिटांत पॉवर प्रेसखाली बोटं जातात. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था 2019 पासून त्यांवर ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते आहे. हरियाणात सुरू झालेल्या या कामात वारंवार पुढे आलेली एक गोष्ट अशी, की अनेक जखमी कामगारांना ईएसआयचं कार्ड मिळालं तेच मुळी अपघातानंतर. आता असा विचार करा: बोट गेलेला माणूस सहा महिन्यांनी त्याच प्रेससमोर उभा राहतो. पेडलवर पाय ठेवताना त्याला घाम फुटतो, स्ट्रोकचा आवाज झोपेतही येतो, हात आपोआप मागे जातो, टार्गेट चुकतं. त्या घामाला परिशिष्टात टक्केवारी नाही. सुपरवायझरच्या वहीत त्याचं नाव ‘कामचुकार’.

मोठे अपघात तरी बातम्यांत येतात. 8 डिसेंबर 2023 रोजी तळवड्यातल्या केकवरच्या फुलबाजी-मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. त्याच दिवशी सहा जीव गेले, जखमींपैकी काही नंतर दगावले. बळींत बहुतेक स्त्रिया होत्या. 19 मार्च 2025 ला हिंजवडीत कर्मचाऱ्यांना घेऊन निघालेल्या टेम्पो ट्रॅव्हलरला आग लागून चौघे गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ती चालकानेच पगाराच्या आणि वागणुकीच्या रागातून लावली होती. 15 जूनला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना पूल कोसळला, चौघांचा जीव गेला, पन्नासच्या आसपास लोक जखमी झाले. दर वेळी मृतांच्या वारसांना मदत जाहीर होते, चौकशी लागते. त्या गाडीतून उडी मारून वाचलेले, त्या पुलावरून हात सुटताना पाहिलेले, शेजारच्या शेडमधून धावत आलेले लोक मात्र चार दिवसांनी पुन्हा कामावर जातात. त्यांच्याकडे सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी कोणी फोन करून विचारतं का, की झोप लागते का?

इथे ऑनलाइन समुपदेशनाची खरी जागा आहे, आणि मर्यादाही. घटनेनंतरच्या पहिल्या दिवसांत स्क्रीनवरचा अनोळखी चेहरा कामाचा नसतो. तेव्हा पाणी देणारा, घरी निरोप पोहोचवणारा, शेजारी बसणारा माणूस लागतो. लोकांना गोळा करून एकाच बैठकीत सगळं ‘मोकळं’ करायला लावण्याची पद्धत तर जागतिक आरोग्य संघटनेनेही नाकारली आहे, कारण तिचा उपयोग दिसत नाही. गरज पडते पुढे, जेव्हा पाहुणे परत जातात. तेव्हा आठवड्याला एक ठरलेला फोन, तोच आवाज, तीच वेळ. हे दूरवरून उत्तम करता येतं. मात्र पहिला फोन समुपदेशकाने करायला हवा. धक्का बसलेला माणूस पोस्टरवरचा नंबर पाहून स्वतःहून फोन करील, ही अपेक्षा पोस्टर छापणाऱ्याच्या सोयीची आहे.

अपघाताच्या धक्क्याखेरीज मनावर ओझं असतं ते ओळखीचंही. ‘ओळखीचे प्रश्न’ म्हटलं की शहरी वाचकाला एकच अर्थ आठवतो. पिंपरीत ओळखीचा पहिला अर्थ कंपनी हा आहे. पन्नास-साठ वर्षं इथे माणूस ‘टेल्कोतला’, ‘बजाजमधला’, ‘एचए’तला असे. 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1960 च्या दशकात मोटारींचे कारखाने आले आणि ‘परमनंट’ या एका शब्दावर लग्नं जमू लागली. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना 2020 च्या डिसेंबरमध्ये थांबला. कामगारांची लढाई न्यायालयात गेली, पुढे जागा ह्युंदाईने घेतली. औद्योगिक बातमी एवढीच. घरातली बातमी वेगळी असते: चाळिशीतला कुशल माणूस सकाळी उठतो आणि अंगात घालायला गणवेश नसतो. आजच्या तरुण कंत्राटी कामगाराला तर हरवायलाही ओळख मिळालेली नाही. तो गाडी बनवतो मोठ्या ब्रँडची, ओळखपत्र ठेकेदाराचं आणि सात-आठ महिन्यांनी ‘ब्रेक’. गावाकडे विचारतात, कुठल्या कंपनीत आहेस? तो ब्रँडचं नाव सांगतो आणि स्वतःशीच ओशाळतो.

दुसरा अर्थ लिंगभाव आणि लैंगिकतेचा. त्यातही हे शहर मागे नाही, हे सांगायला हवं. पिंपरी-चिंचवड महापालिकेने 2022 मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून आणि ग्रीन मार्शल पथकात काम दिलं. ज्या महापालिकेच्या दारात त्यांना कोणी उभं करत नव्हतं, त्याच दारावर त्या गणवेशात उभ्या राहिल्या. पण वसतिगृहात किंवा कॉटवर राहणाऱ्या, घरून लग्नाची घाई लागलेल्या आणि आपण ‘तसे’ आहोत हे कोणालाच सांगू न शकणाऱ्या मुलासाठी दूरचा आवाज हीच पहिली पायरी असते.

मराठी समाजाला ही पायरी नवीन नाही. रघुनाथ धोंडो कर्वे 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते आणि त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं देत होते. नाव न सांगता विचारता यायचं. टपाल हेच त्या काळचं ऑनलाइन. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, 200 रुपये दंड झाला, मासिक चालूच राहिलं. नंतर 2002 मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि समलिंगी, तृतीयपंथी लोकांसाठी मराठीत हेल्पलाइन चालवली, पुस्तकं लिहिली. 2018 च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून काढले. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये समलिंगी माणसाला ‘बदलून’ देण्याचे उपचार हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

डॉक्टरांचं, हा शब्द इथे महत्त्वाचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र व्यवहारात कोणीही लावतो. 2021 च्या कायद्याने हा व्यवसाय नियमनाच्या कक्षेत आणला खरा, पण ते नियमन अजून रांगतं आहे. तोवर मोबाइलवर ‘तीन सत्रांत आत्मविश्वास’ विकणारा आणि ‘मुलगा सुधारून देतो’ म्हणणारा, दोघेही बिनघोर आहेत. पैसे देण्याआधी शिक्षण आणि नोंदणी विचारायची, आणि उत्तर गोलमाल आलं की फोन ठेवायचा. एवढी सावधगिरी आज गिऱ्हाइकाच्याच माथी आहे.

दुसरी भीती माहितीची. फिनलंडमधल्या वास्तामो या मानसोपचार कंपनीच्या नोंदी चोरल्या गेल्या आणि 2020 मध्ये हजारो रुग्णांना थेट ईमेल आले: पैसे द्या, नाहीतर तुम्ही डॉक्टरला सांगितलेलं जगाला सांगू. अमेरिकेत 2023 मध्ये ‘बेटरहेल्प’ या बड्या ऑनलाइन सेवेने ग्राहकांची माहिती जाहिरात कंपन्यांना दिल्याबद्दल 78 लाख डॉलर मोजायचं मान्य केलं. चाकणच्या कामगाराला या कथा माहीत नसतील, पण त्याची शंका तीच आहे, फक्त जास्त जवळची: हे एचआरला कळेल का? मोठ्या कंपन्यांत हल्ली कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाचा करार असतो, क्यूआर कोडचं इंग्रजी पोस्टर असतं. कंत्राटी माणूस ठेकेदाराच्या हजेरीपटावर, म्हणून तो या करारात सहसा मोजलाच जात नाही. आणि परमनंट माणूस मोजला जातो, पण त्याला वाटतं की आपल्या रडण्याची नोंद अप्रेझलच्या फाइलीत जाईल. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा हक्क केला आहे. त्या पोस्टरवर मराठी-हिंदीत तेवढं एक वाक्य छापायला काय हरकत आहे?

बायकांची अडचण आणखी वेगळी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जेमतेम 54 टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. वायरिंगच्या आणि पॅकिंगच्या लाइनवर कमावणाऱ्या बाईकडे तो असतोच असं धरू, पण रात्री तो कोण तपासतं? जिच्या त्रासाचं कारणच खोलीत बसलेलं आहे, तिने खोलीतून फोन करावा ही सूचना क्रूर आहे.

म्हणून या पट्ट्यासाठी मागणी फार मोठी नाही. नवं ॲप नको, ॲपं उदंड झाली. प्रत्येक कारखान्यात, आणि छोटी युनिटं असतील तिथे एमआयडीसीच्या प्रत्येक टप्प्यात मिळून, एक खोली. कामाच्या वेळेत महिन्यातून दोनदा पाऊण तास, हजेरी न कापता. कंत्राटी, परमनंट, अप्रेंटिस सगळ्यांना सारखी. फोन कारखान्याचा, म्हणजे घरातल्या फोनवर खूण उरत नाही. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये कारखान्यांतला कामाचा दिवस 9 तासांवरून 12 तासांपर्यंत नेण्याला मान्यता दिली. दिवस तीन तासांनी ताणता येतो, तर त्यातून महिन्याला दीड तास बाजूला काढणं कुठल्याच उद्योजकाला जड जाऊ नये. प्रेस दर मिनिटाला किती स्ट्रोक मारतो हे ज्यांना तोंडपाठ असतं, त्यांना झोप न झालेल्या माणसाच्या हातून किती माल रिजेक्ट होतो हेही माहीत असतंच.

खोलीचा नमुना आपल्याकडे आहे. एसटी स्थानकांवर तान्ह्या बाळांच्या आयांसाठी हिरकणी कक्ष झाले. एक दार, एक बाकडं, एक पंखा. त्यातल्या काहींना पुढे कुलूप लागलं, काहींत झाडू-बादल्या गेल्या, हेही खरंच. चाकणच्या खोलीत फार तर फोन ठेवायला एक टेबल जास्त लागेल, आणि दाराला आतून कडी. किल्ली कोणाकडे ठेवायची, हे मात्र आधी कामगारांनाच विचारलेलं बरं. ती एचआरच्या ड्रॉवरमध्ये गेली, आणि खोलीत जाण्यासाठी रजिस्टरवर नाव-कारण लिहून सही करावी लागली, तर पहिल्या महिन्यानंतर तिथेही खोकीच ठेवलेली दिसतील.